बोर्डावरचे नऊ तास

दोन शहरांमधलं अंतर विचारलं की हल्ली माणसं तासांत उत्तर देतात. "लांब कसलं? नऊ तासांत तर पोचतो," असं कुणी सहज म्हणून गेलं की माझ्या तोंडात कडू पाणी येतं. बोलणाऱ्याचा काही दोष नसतो. मी हसून विषय बदलते आणि आत जाऊन चूळ भरते. पन्नास वर्षं होत आली, पण चूळ भरल्याशिवाय ती चव जात नाही.

तेव्हा मी पंचविशीची होते आणि विमानाने माल पाठवणाऱ्या एका एजन्सीत कामाला होते. गिऱ्हाईक माल आणून देणार, आम्ही तो तपासून, वजन करून, कागदपत्रं करून विमान कंपनीच्या ताब्यात देणार, असा धंदा. माल ताब्यात घ्यायचं काम माझं. खोकं शाबूत आहे, कागदावर लिहिलंय तेच आत आहे आणि जिवंत माल असेल तर तो खरोखर जिवंत आहे, एवढं बघून मी सही करायचे. रंगीत मासे यायचे, पोपट यायचे, एकदा एक म्हातारं कासव आलं होतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला उठून उभं राहावंसं वाटलं.

ते ऑफिस मला अजून खोलीन् खोली आठवतं. पुढे काउंटर, मागे गोदाम, मधल्या बोळात टेलेक्सचं यंत्र, तारेवरून आलेले परगावचे निरोप छापणारं. त्या यंत्रावर बसणाऱ्या लुकड्या माणसाला आम्ही सगळे टेलेक्सवाला म्हणायचो. तो बोलायचाही यंत्रासारखा, मोजके शब्द, मध्येमध्ये थांबून. आणि माझ्या टेबलावर ते पुस्तक. सगळ्या जगाच्या विमानांच्या वेळा त्या एका जाडजूड पुस्तकात असत. दर महिन्याला नवं यायचं. कागद इतका पातळ की पाठीमागची अक्षरं पुढे दिसायची. वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या. इथून दुपारी एकला निघालेलं विमान तिथे दुपारी अडीचला पोचलं, असं वाचून नवखा माणूस म्हणायचा, "वा, दीड तासात!" खरे लागलेले साडेचार तास आपण हिशेब करून शोधायचे. मला ते शोधणं फार आवडायचं. तास कुठे लपलेत ते मला दिसायचं. कुठल्या विमानतळावर माल किती वेळ पडून राहतो, कुठे विमान बदलावं लागतं, कुठले लोक शुक्रवारी खोक्याला हात लावत नाहीत, हे सगळं मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचे.

मग जावईबापू आले.

आमचे मालक म्हणजे थोरले साहेब. त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि सासऱ्यांनी जावयाला ऑफिसात आणून बसवलं. जावईबापू दिसायला देखणे, बोलायला गोड, आणि विमानाने माल पाठवण्याबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की विमान वर जातं आणि खाली येतं. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक मोठा पृथ्वीचा गोल आणि दुसरी बायकोच्या विणकामातली लाल लोकर.

ती लोकर ते गोलावर लावत. एक टोक आपल्या शहरावर, दुसरं दूरच्या शहरावर. लोकर गोलावरून घसरायची, म्हणून आधी ती तोंडात घालून ओली करायचे. ओठांनी ओढून काढायचे, गोलावर चिकटवायचे, मग पट्टीने मोजायचे. मापाला कशाने तरी गुणलं की किलोमीटर निघाले. किलोमीटरला विमानाच्या वेगाने भागलं की तास निघाले. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवत. मला मात्र ती थुंकीने चकाकणारी रेघ बघवायची नाही. ऊन पडलं की ती वाळायची आणि समुद्रावर पांढरट डाग राहायचे.

आठ दिवसांत त्यांनी पेंटर बोलावून काउंटरमागे बोर्ड रंगवून घेतला. आपल्या शहरापासून तीस शहरं, प्रत्येकाचं अंतर आणि वेळ. निळ्यावर पिवळी अक्षरं. दिसायला बोर्ड सुरेख होता, नाही म्हणायचं कारण नाही.

"यातल्या एकवीस शहरांना आपल्याकडून सरळ विमानच जात नाही," मी म्हणाले.

"मग?"

"मग हे तास कुठले?"

"विमानाचे."

"कुठल्या विमानाचे?"

जावईबापू हसले. "बाई, तुम्ही फार बारकं बघता. गिऱ्हाइकाला मनातून धीर यायला पाहिजे. तो आकडा धीराचा आहे असं समजा."

मी समजून घेतलं नाही. बोर्डाच्या कडेला, अगदी बारीक अक्षरात, खरे तास पेन्सिलीने लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळ्यांसमोर ओल्या फडक्याने पुसले आणि फडकं माझ्या टेबलावर ठेवलं. "गिऱ्हाईक घाबरवायला पगार देतो का आम्ही तुम्हाला? अजून कायम झालेल्या नाही आहात, विसरू नका." टेलेक्सवाल्याने मान खाली घातली. मीही घातली. वडील निवृत्त झाले होते आणि घर माझ्यावर होतं. एवढ्या एका वाक्यात माणसाची मान खाली जाते.

आता मावशींबद्दल सांगायला हवं.

पिल्लंवाल्या मावशी असं आम्ही त्यांना म्हणायचो. शहराबाहेर त्यांचं उबवणी केंद्र होतं. मावशी आणि त्यांची जाऊ, दोघीच ते चालवायच्या. "आम्ही जावा कधी भांडत नाही," त्या म्हणायच्या, "आवाज चढला की अंड्यातली पिल्लं बिचकतात. भांडायचं असेल तर बाहेर रस्त्यावर जातो." उंच, हाडकुळ्या, पायात रबरी बूट, आणि कितीही धुतलं तरी अंगाला उबेचा एक वास. मला तो वास आवडायचा. काउंटरला आल्या की म्हणायच्या, "काय गं, जेवलीस का?" आणि उत्तराची वाट न बघता कागद पुढे करायच्या.

एक दिवसाची पिल्लं विमानाने पाठवता येतात, कारण अंड्यातला उरलेला बलक पिल्लू पोटात घेऊन बाहेर येतं. त्या शिदोरीवर ते दोन दिवस, क्वचित अडीच दिवस दाणापाण्यावाचून राहतं. मात्र गर्दी आणि उकाडा त्याला सोसत नाही. म्हणून प्रवास किती तासांचा आहे त्यावर खोकी भरायची. थोडा प्रवास असेल तर एका खोक्यात शंभर. लांबचा असेल तर ऐंशी, कोपऱ्यात फळाच्या फोडी, म्हणजे चोच ओली राहते, आणि पिल्लंही त्याच पहाटे फुटलेली निवडायची. मावशींना हे सगळं पाठ होतं. त्यांना फक्त तास ठाऊक नव्हते. ते त्यांनी आम्हाला विचारायचे.

पिल्लं परदेशी पाठवायचा परवाना त्यांना चार वर्षं खेटे घालून मिळाला होता. त्याची अट एकच होती. एकदा जरी आजारी पिल्लं पाठवल्याचं सिद्ध झालं, तर परवाना गेला, परत अर्ज करायचाही नाही. मावशी तो परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये घेऊन फिरायच्या. "नवऱ्यालासुद्धा एवढं जपलं नाही," म्हणायच्या.

तर त्या एका दूरच्या शहराची मागणी घेऊन आल्या. चार हजार पिल्लं. तिथल्या माणसाशी पहिलाच व्यवहार.

"किती तास गं?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत जावईबापूंनी मागे वळून बोर्डाकडे हात केला. सात हजार दोनशे चाळीस किलोमीटर. नऊ तास.

"नऊच?" मावशींचे डोळे चमकले. "मला वाटलं दिवस जाईल. मग शंभराची खोकी चालतील. चाळीस खोक्यांत काम झालं." मग थांबून माझ्याकडे बघितलं. "नऊच ना गं?"

मला तो हिशेब तोंडपाठ होता. माल विमानाच्या आधी चार तास द्यायचा. साडेचार तास मधल्या शहरापर्यंत. तिथे विमान बदलायचं, चौदा तास वाट. मग सात तास. उतरून कस्टममधून सुटायला साडेतीन. तेहेतीस. आणि मधल्या शहरात पक्षी उतरवायचे तर तिथली वेगळी परवानगी आधी मागवावी लागते. हे सगळं माझ्या पुस्तकाच्या समासात होतं. पुस्तक माझ्या कोपराखाली होतं.

"बोर्डावर लिहिलंय ना, मावशी," मी म्हणाले.

खोटं बोलले नाही. बोर्डावर लिहिलंच होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता दोघी जावा टेम्पोतून खोकी घेऊन आल्या. चाळीस खोकी, बाजूंना भोकं, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पंचवीस. मी एकेक झाकण उचलून बघितलं. पिवळा गलका नुसता. पिल्लं माझ्या बोटावर चोची मारत होती, एकमेकांच्या डोक्यावर चढत होती. चार हजार पिल्लांचा आवाज बंद गोदामात काय होतो, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडे जिवंत मालाचा एक कागद असायचा, त्याची एकच प्रत, ऑफिसच्या दप्तरात राहणारी. त्यात रकाना होता, 'ताब्यात घेताना प्राण्यांची स्थिती'. मी लिहिलं, 'चपळ. आवाज भरपूर.' सही केली.

"बघ, आवाज भरपूर लिहिलंय पोरीने," मावशी जावेला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

विमान दुपारी एकला गेलं. मधल्या शहरातली परवानगी कुणीच मागवली नव्हती, मीसुद्धा.

मंगळवारी दुपारी टेलेक्सवाला कागदाची पट्टी हातात धरून माझ्याकडे आला. मधल्या शहरात पुढच्या विमानाचा जिवंत मालाचा कप्पा बंद होता, हवा खेळत नव्हती. त्यांनी माल घेतला नाही. पुढचं विमान गुरुवारी. गोदामात ठेवायचं तर पक्ष्यांची परवानगी नाही, तेव्हा खोकी बाहेर पत्र्याच्या छपराखाली आहेत. बुधवारच्या परतीच्या विमानाने पाठवत आहोत.

"बाहेर म्हणजे?" मी विचारलं.

"तिथे आज बेचाळीस डिग्री आहे," टेलेक्सवाला म्हणाला. आणि थांबला. आणि परत गेला.

बुधवारी दुपारी दोन वाजता खोकी आमच्या गोदामात आली. हमालांनी ती दाराशीच ठेवली आणि लांब जाऊन उभे राहिले. वास आधीच आत आला होता. तो नुसता मेल्याचा वास नव्हता, त्यात उबेचा तोच वास मिसळलेला होता, मावशींच्या अंगाचा. माझ्या लेखी त्या दोन वासांचं लग्न त्या दिवशी लागलं ते कायमचं.

झाकण मी उचललं. कुणीतरी उचलायला हवं होतं आणि रकाना माझा होता. कोपऱ्यातली पिल्लं दाबून चपटी झाली होती, एखाद्या फडक्याच्या घडीसारखी. खालचा भुसा ओला होऊन काळा पडला होता आणि पुठ्ठ्याचा तळ लगदा झाला होता. खोकं सरकवलं तेव्हा माझी बोटं त्यात शिरली. मधल्या खोक्यांत काही जिवंत होती. मेलेल्यांच्या वर उभी, चोच उघडायची, मिटायची. आवाज येत नव्हता. मी कान जवळ नेऊन बघितलं. खरंच येत नव्हता.

जावईबापू अत्तराचा रुमाल नाकाला लावून दारातूनच म्हणाले, "बोर्डाची चूक नाही ही. विमानाने थांबायलाच नको होतं."

माझ्या पोटातलं सगळं तिथेच भिंतीशी बाहेर आलं. मला वाटतं खोक्यांपेक्षा ते वाक्य ऐकून.

संध्याकाळी पाच वाजता थोरल्या साहेबांनी मला आत बोलावलं. ते एरवी "बाई" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "बस पोरी. दमलीस."

टेबलावर माझा सोमवारचा कागद होता. त्यांनी तो उचलला, सावकाश चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. शेजारून कोरा घेतला.

"उद्या सरकारचे जनावरांचे डॉक्टर येणार आहेत चौकशीला. ते विचारणार, माल कसा होता. तुला आठवतं तसं लिही. पण नीट आठव. सोमवारी सकाळी घाई होती. पिल्लं जरा सुस्त नव्हती का?"

"नव्हती."

"तू मला मुलीसारखी आहेस, म्हणून सांगतो. त्या बाईंचं काय, एक परवाना जाईल. इथेच विकतील पिल्लं, उपाशी काही राहणार नाहीत. आपलं नाव गेलं तर या ऑफिसातली अकरा माणसं घरी बसतील. आणि तुझं कायम करण्याचं पत्र मी कालच टाइप करून घेतलंय. बघ, खणात आहे."

त्यांनी खण उघडून दाखवला. खरंच होतं. टाइप करून घेतलेलं, तारीख कोरी ठेवलेली.

मग त्यांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे धरलं. त्याचं टोपण चावून चावून खडबडीत झालेलं, आणि ओलं होतं. मी ते हातात घेतलं. सासरे काय, जावई काय, त्या घरातल्या पुरुषांना प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालायची सवयच असावी. असं काहीतरी माझ्या डोक्यात येत होतं, आणि हात लिहीत होता. 'मलूल. पाठवणाऱ्यास कळवले.' खाली सही. तारीख सोमवारची.

घरी आईने विचारलं, "हाताला कसला वास येतोय गं?" मी साबण बदलून पाहिला.

गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर आले. म्हातारे गृहस्थ, जाड चष्मा, कातडी बॅग. मागोमाग मावशी. रबरी बूट नव्हते, चपला होत्या, आणि ती प्लास्टिकची पिशवी पर्समधून काढून हातातच धरलेली. रडलेल्या दिसत नव्हत्या. झोपलेल्याही दिसत नव्हत्या. थोरले साहेब, जावईबापू, टेलेक्सवाला आणि मी, सगळे गोदामात उभे.

डॉक्टरांनी कागद वाचला. "मलूल. हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"सोमवारी नऊ वाजता तुम्ही स्वतः प्रत्येक खोकं उघडून बघितलंत?"

"हो."

"आणि पिल्लं मलूल होती?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. मला रागाने बघितलेलं चाललं असतं. गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण बघतो तसं त्या बघत होत्या, आता ही खरं सांगेल आणि आपण सुटू अशा नजरेने.

"हो," मी म्हणाले. "मलूल होती."

"अगं!" मावशींच्या तोंडून एवढंच आलं. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, हिने भरपूर आवाज म्हणून लिहिलं होतं. आम्ही दोघी हसलो होतो. माझ्या जावेला विचारा."

"तुमची जाऊ तुमच्याच बाजूने बोलणार ना, मावशी," जावईबापू गोड आवाजात म्हणाले. "कागद काय म्हणतो ते बघायचं."

"कागद मी बघितला," डॉक्टर म्हणाले. "आता पिल्लं बघतो. जुनं वर्तमानपत्र आहे का?"

त्यांनी टेबल ओढून घेतलं. माझंच, माल घेण्याचं. त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि वेगवेगळ्या खोक्यांतून सहा पिल्लं वेचून काढली, उशिरात उशिरा मेलेली. कात्री छोटी होती, नखं कापायच्या कात्रीएवढी. पहिलं पोट उघडलं तेव्हा जावईबापू बाहेर गेले. मला जाता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही थांबा. तुम्हाला मलूल कशाला म्हणतात ते दाखवतो."

"पिल्लू मुळात आजारी असेल," ते शिकवल्यासारखे सांगू लागले, "तर त्याला पोटातला बलक पचवता येत नाही. तो तसाच राहतो. पातळ, हिरवट, कुजलेला. उघडलं की माणूस मागे सरतो. आता हे बघा."

त्यांनी चिमट्याने काहीतरी उचललं. वाटाण्यापेक्षा लहान, सुरकुतलेलं, पिवळसर.

"एवढाच उरलाय. बाकी सगळा या पिल्लाने खाल्ला. ठणठणीत होतं. खात राहिलं, वाट बघत राहिलं." त्यांनी दुसरं उघडलं. तिसरं. सहाही सारखीच. "तहान आणि उकाडा. आणि नऊ तासांत बलक इथवर येत नाही, साहेब. हे दोन दिवसांचं पोट आहे. तुमच्या त्या बोर्डापेक्षा या पोटाचा हिशेब बरा."

वर्तमानपत्रातून ओल टेबलावर झिरपली.

"मावशी, परवाना पर्समध्ये ठेवा," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "त्याला कोणी हात लावत नाही. मी तसं लिहून देतो."

मावशींनी पिशवी छातीशी धरली. मान हलवली.

मग डॉक्टरांनी तो कागद बोटांत धरून विचारलं, "मग हे असं का लिहिलं गेलं?"

"अहो, काय सांगू," थोरले साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "मी तर वाचलंसुद्धा नव्हतं. आमच्या या बाई. नवीन आहेत. घाबरल्या असतील."

मी वर बघितलं. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. टोपलीत चार तुकडे अजून असतील, ऑफिस झाडायला माणूस दुपारी येतो, असं ते वाक्य होतं. ते सांगितलं असतं तर मला कोणी फासावर दिलं नसतं. मावशींचं काम झालेलंच होतं, आता त्यांच्यासाठी सांगायची गरज नव्हती, फक्त ते खरं होतं. आणि नुसतं खरं आहे म्हणून सांगण्याएवढं बळ माझ्यात नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "घाबरले."

डॉक्टरांनी माझ्याकडे, मग टेबलावरच्या सहा पिल्लांकडे बघितलं. चष्मा काढून बॅगेत ठेवला, जसं काही यापुढे बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

आमच्या ऑफिसला ताकीद मिळाली. जावईबापूंनी पेंटर बोलावून बोर्डावर प्रत्येक आकड्याआधी 'सुमारे' एवढा एक शब्द रंगवून घेतला आणि स्वतःवर खूश झाले. मला वाटलं होतं, मला काढतील. सोमवारी थोरल्या साहेबांनी ते पत्र तारीख घालून माझ्या हातात ठेवलं. सही करणारं माणूस कोण काढतं? मी ते घेतलं, घरी नेलं, आईने ते वडिलांना वाचून दाखवलं. त्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली.

मावशी दीड महिन्याने पुन्हा आल्या. पिल्लांसाठी शहरात दुसरी एजन्सी नव्हती. माझं काउंटर मोकळं होतं. मी उभी राहिले. त्या माझ्यासमोरून पुढे गेल्या आणि बोळात टेलेक्सच्या यंत्राशी जाऊन थांबल्या. टेलेक्सवाल्याचा मोठा निरोप चालू होता. चाळीस मिनिटं त्या तिथे उभ्या होत्या. मग त्याला म्हणाल्या, "दादा, किती तास लागतील?"

टेलेक्सवाल्याला ते ठाऊक नसायचं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक उघडलं, समास बघितला. "तेहेतीस," मी म्हणाले. "मध्ये विमान बदलायचं. परवानगी मी आजच मागवते."

मावशी हलल्या नाहीत. त्या त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या, जणू अजून उत्तर यायचं होतं. टेलेक्सवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"तेहेतीस," तो म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाल्या. "मग ऐंशीची खोकी करते."

पुढची अकरा वर्षं, मावशींचे गुडघे जाईपर्यंत, हे असंच चाललं. दर खेपेला खरे तास मी काढायचे, मीच मोठ्याने सांगायचे, आणि त्या टेलेक्सवाल्याने ते परत म्हणण्याची वाट बघत उभ्या राहायच्या. त्या अकरा वर्षांत त्यांचं एकही खोकं परत आलं नाही. आणि मी जेवले की नाही, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही.